उमरीकर सर आणि शिळं उदाहरण

आमच्या नारायणगुड्याच्या मराठी वाचनालयात, वरच्या मजल्यावर, एक खुर्ची आहे. लाकडी, बिनहातांची. तिचा मागचा डावा पाय जरा आखूड आहे, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी ठेवलेली असते. दर गुरुवारी चार वाजता मी त्या खुर्चीवर बसते. बसायच्या आधी वाकून बघते, पुठ्ठा जागेवर आहे ना. आणि दर वेळी वाटतं, आत्ता मागून आवाज येणार, "पुठ्ठा आहे हे तुम्हाला माहीत आहे, कमलबाई, की नुसतं वाटतंय?"

असं विचारणारे आमचे उमरीकर सर. हणमंतराव उमरीकर. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झाले आणि मग आम्हाला शिकवायला लागले. आम्ही म्हणजे कोण, तर रिटायर झालेली माणसं, सुना ऑफिसला गेल्यावर मोकळ्या झालेल्या सासवा, आणि मी. मी नववीपर्यंत शिकले, मग ब्लाउज शिवायला लागले ते आजपर्यंत शिवतेच आहे. सरांचं चरित्र लिहिणं काही माझ्याच्यानं व्हायचं नाही. ते कुठे जन्मले, कोणत्या साली कुठल्या कॉलेजात लागले, हे त्यांच्या मुलाला विचारा. मी फक्त गुरुवारचे सर सांगणार. चार ते साडेपाच.

मी तिथे पोहोचले तीसुद्धा भांडण बघायला. खोटं कशाला सांगू? खाली वाचनालयात मासिकांतली बाह्यांची डिझाइनं बघायला गेले होते, आणि वरून मोठमोठ्यानं आवाज यायला लागले. म्हटलं, बघावं तरी कोण कुणाला मारतंय. वर जाऊन बघते तर आठ-दहा माणसं बाकांवर, खुर्चीवर एक उंच, किडकिडीत गृहस्थ, आणि समोर लालबुंद झालेले भालेराव. हे भालेराव सिकंदराबादचे. रेल्वेत तिकीट तपासायचे. भांडण कशावरून? तर कधीकाळी बिनतिकिटाच्या एका म्हातारीला त्यांनी गाडीतून उतरवलं होतं, ते बरोबर की चूक.

"रूल म्हणजे रूल, सर! आज हिला सोडलं तर उद्या सगळा डबा म्हणेल आम्ही बी म्हातारे."

"म्हणजे तुम्ही कर्तव्य केलंत."

"हौ ना, केलं!"

"मग आज इतक्या वर्षांनी ती म्हातारी तुम्हाला का आठवली?"

तेवढ्यात सरांचं लक्ष दाराकडे गेलं. "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही काय केलं असतं?"

मी घाबरले. पण तोंडाला कुलूप लावायची मला सवय नाही. म्हटलं, "मी आधी बसवलं असतं तिला. मग विचारलं असतं."

"काय विचारलं असतं?"

"कुठे जायचंय ते."

सर भालेरावांकडे वळले. "बघा. एक तास आपण नियम, दया, परिणाम सगळं बोललो, पण तिला कुठे जायचं होतं हे आपण दोघांनीही विचारलं नाही." मग मला म्हणाले, "बसा, बाई." मी बसले ती अकरा वर्षं बसले.

सरांच्या वर्गात दर गुरुवारी एकच शब्द असायचा. कर्तव्य. हेतू. परिणाम. सद्गुण. अधिकार. शब्द ते फळ्यावर लिहायचे आणि खडू खिशात टाकायचे, त्यामुळे त्यांचा खिसा कायम पांढरा. व्याख्या सांगायचे नाहीत. "आधी माप आणा, मग कापड कापू," हे ते मी यायच्या आधीपासून म्हणायचे की माझ्यामुळे म्हणायला लागले, देव जाणे. माप म्हणजे उदाहरण. आपल्या घरातलं, आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं. पुस्तकातलं चालायचं नाही. मोठमोठ्या पंडितांची नावं तर मुळीच नाहीत. कुणी नाव घेतलं की सर हात जोडायचे आणि म्हणायचे, "झाला नमस्कार करून? आता त्यांचं म्हणणं काय ते सांगा. लोक नावाला नमस्कार करतात आणि विचार तसाच उपाशी परत जातो."

कुणी "असंच" म्हटलं तर त्यांना खपायचं नाही. "तुम्ही जावेशी का बोलत नाही?" "असंच." संपलं. मग तासभर त्या "असंच"ची साल काढायचे. म्हणायचे, "असंच हे कारण नव्हे. तो कारण शोधायचा कंटाळा आहे."

सगळ्यांची उदाहरणं सांगून झाली, भांडून झालं, की मग सगळ्यांनी मिळून व्याख्या बेतायची आणि ती कार्डावर लिहायची. कार्डं म्हणजे लग्नपत्रिकांच्या पाठी. सर लग्नाला गेले की जेवायचे दोन घास आणि पत्रिका मागायचे दहा. एका मापाची कापून चपलांच्या खोक्यात ठेवायचे. त्यामुळे आमच्या प्रत्येक शब्दाच्या मागे कुणीतरी चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी असायचेच. 'संकल्पस्वातंत्र्य', म्हणजे आपलं आपण ठरवायची मोकळीक, या कार्डाच्या मागे "आपली उपस्थिती प्रार्थनीय" असं होतं. भालेरावांनी विचारलं, मुद्दाम केलं काय सर? सर म्हणाले, "नाही. पण राहू द्या."

माझं सगळ्यात आवडतं कार्ड 'ज्ञान आणि मत'. त्या दिवशी मी फुशारकीनं म्हटलं, बाई दारातून आत आली की मला तिचं माप कळतं. सर म्हणाले, "कळतं की वाटतं?" म्हटलं, कळतं. त्यांनी समोर बसलेल्या एका बाईंचं माप विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी माझ्याच पर्समधली टेप माझ्याच हातात दिली. दोन इंचांनी चुकले हो! सगळे हसले. सर नाही हसले. म्हणाले, "बरं झालं. ज्याच्याजवळ टेप असते त्याचं मतसुद्धा सुधारतं. ज्याच्याजवळ नसते तो नुसता आत्मविश्वासानं बोलतो." तेव्हापासून मी दारातून येणाऱ्या बाईला मनातल्या मनात मापत नाही. मापते, पण विश्वास ठेवत नाही.

आता शिळ्याचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. खुर्चीवर बसलेल्यानं एकदा सांगितलेलं उदाहरण परत सांगायचं नाही. सांगितलं तर वर्गातल्या कुणीही "शिळं!" म्हणून ओरडायचं. मग सरांनी खुर्ची सोडायची, मुकाट बाकावर येऊन बसायचं, आणि ज्यानं पकडलं त्यानं उरलेला तास खुर्चीवर बसून वर्ग चालवायचा. बाकावरच्यांना मात्र शिळं माफ. एकच गोष्ट दहा वेळा सांगा. "शिकणाऱ्याला परत परत सांगावंच लागतं," सर म्हणायचे, "शिकवणारा परत तेच सांगायला लागला की समजावं, त्यानं बघणं सोडलं." वर्षातून एखाद्या वेळी सर सापडायचे. भालेराव बाक बडवत उठायचे, "शिळं, सर, शिळं! उठा!" आणि सर लहान मुलासारखे हसत बाकावर यायचे. मला कधी कधी वाटायचं, मुद्दाम सापडतात.

सर काही साधुपुरुष नव्हते हं. साखरेचा आजार होता आणि जिलबी दिसली की पाय थबकायचे. वर्ग सुटला की कोपऱ्यावर भालेरावांबरोबर उभे. घरी सांगायचे, नुसता चहा घेतला. एका गुरुवारी वर्ग रंगात आलेला असताना सरोजवहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, दारात उभ्या. हातात सरांचा आदल्या आठवड्याचा शर्ट. आल्या आणि टेबलावर पसरला.

"सत्य शिकवून झालं का तुमच्या वर्गात? नसेल तर हा शर्ट घ्या शिकवायला. खिशावर पाक सांडलाय."

सर शांतपणे म्हणाले, "तो पाक आहे हे तुला माहीत आहे, की वाटतंय?"

"चाटून बघितलाय!"

वर्ग असा हसला की खालून वाचनालयाचे शिपाई वर आले. सरांनी दोन्ही हात वर केले. "प्रत्यक्ष प्रमाण. याच्यापुढे वाद नाही." आणि फळ्यावरचा शब्द पुसून लिहिला, 'आत्मवंचना', म्हणजे स्वतःलाच फसवणं. उदाहरण त्यांनीच सांगितलं: "मी जिलबी खायला जात नाही, भालेराव एकटे खातात म्हणून सोबत द्यायला जातो." ते कार्ड अजून खोक्यात आहे. वहिनींनी आग्रहानं खाली सही केली आहे.

तीन वर्षांपूर्वी वर्गात ईशा आली. दिलसुखनगरच्या हॉस्टेलात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरगी. त्या परीक्षेत नीतिशास्त्राचा पेपर असतो म्हणे. मराठी बोलायची फाडफाड, वाचायला दिलं की प्रत्येक जोडाक्षराला ठेच. आली ती घाईत. "सर, मला फक्त टर्म्स पाहिजेत. पन्नास. डेफिनिशन आणि एक एक्झाम्पल, बस. तुम्ही डिक्टेट करा, मी टाइप करून घेते."

सर म्हणाले, "संमती म्हणजे काय?"

तिनं इंग्रजीत घडाघडा सांगितलं. चार ओळी, श्वास न घेता.

"उत्तम. ही परीक्षा द्यायची कुणी ठरवलं?"

"मी. म्हणजे पप्पा. म्हणजे पप्पा बोलले आणि मी हौ बोलले."

"हौ म्हणायच्या जागी नाही म्हणायची सोय होती का?"

पोरगी फोनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सोय तर नव्हती, सर."

"मग ती संमती नव्हे. ती हजेरी."

रागावली. बॅग उचलून गेली, दोन गुरुवार आली नाही. तिसऱ्या गुरुवारी आली, भालेरावांना सरकायला सांगून बाकावर बसली आणि म्हणाली, "पप्पांशी बोलले. परीक्षा देणार आहे. पण आता मीच देणार आहे." सरांनी तिला कोरं कार्ड दिलं. वेड्यावाकड्या अक्षरात 'संमती'ची व्याख्या तिनं स्वतःच लिहिली.

ईशा आली त्याच हिवाळ्यातली गोष्ट. सरांचा बिनबाह्यांचा स्वेटर निघाला होता, तो थंडी असो नसो दिवाळी ते संक्रांत निघायचाच. वर्ग सुटल्यावर जिन्याच्या मधल्या पायरीवर सर थांबले. बाकीचे पुढे गेले होते.

"कमलबाई, गिऱ्हाइकाला तुम्ही तोंडावर सांगता का, की बाई, हे माप तुमचं दोन वर्षांपूर्वीचं आहे?"

"सांगावंच लागतं, सर. नाहीतर शिवण उसवते आणि नाव माझं जातं."

"मला एक सांगाल?" ते कठड्याला धरून उभे होते. "माझे थोरले भाऊ वकील होते. वक्ते म्हणून मान होता. शेवटी शेवटी त्यांचं डोकं चालेनासं झालं. एका सभेत तेच भाषण त्यांनी लागोपाठ तीनदा केलं. आणि लोकांनी तिन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. चांगले लोक होते, प्रेमानं वाजवल्या. भाऊ खूश होऊन घरी आले. मी मागे बसून रडत होतो. मला त्या टाळ्या नकोत. मी खुर्चीवरून शिळं बोललो, आणि मला ते कळलंच नाही, तर तुम्ही सांगायचं. मी वर्ग बंद करीन."

"भालेराव ओरडतीलच की."

"भालेराव मऊ आहे. तुमच्या हाताला कात्रीची सवय आहे."

मी हो म्हटलं. जिन्यात माणूस म्हणतो तसं, पटकन. सरांनी खिशातून एक कार्ड काढलं, कठड्यावर ठेवून लिहिलं, 'वचन'. खाली लिहिलं, "उदाहरण: नंतर." आणि माझ्या पर्समध्ये टाकलं.

वर्ष-दीड वर्ष ते कार्ड टेपच्या शेजारी पडून होतं. मी विसरूनही गेले होते. मग एका गुरुवारी शब्द आला 'सत्य आणि दया', आणि सरांनी रत्नम्माची गोष्ट सांगितली.

सर नवीन नवीन नोकरीला लागले तेव्हा इथेच एका गल्लीत खोली घेऊन राहायचे. घरमालकीण रत्नम्मा, विधवा, तेलुगू. रोज रात्री ती सरांना वाटीभर काकरकाय पुलुसु आणून द्यायची, म्हणजे चिंचेच्या कोळातलं कारलं. "तिनु बाबू, तिनु." खा बाळा. सरांना कारलं घशाखाली उतरायचं नाही. पण बिचारी प्रेमानं आणते, म्हणून डोळे मिटून गिळायचे आणि म्हणायचे, "चाला बागुंदम्मा," फार छान झालंय. मग काय, दुसऱ्या दिवशी वाटीच्या जागी वाडगा. अशी दोन वर्षं. खोली सोडायच्या दिवशी सरांचं मन खायला लागलं. पाया पडले आणि सांगून टाकलं, अम्मा, मला कारलं कधीच आवडलं नाही. रत्नम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मला तरी कुठे आवडतं! आमच्या ह्यांना आवडायचं. ते गेले तरी माझा हात थांबेना. तू आवडीनं खातोस म्हणून करत राहिले, बाबू. नाहीतर कधीच सोडलं असतं!"

मग सर इथे थांबले, नाक ओढलं आणि विचारलं, "आता सांगा, या दोन वर्षांत दया कुणी कुणावर केली? आणि कारलं कुणी खाल्लं?"

आम्ही पोट धरधरून हसलो.

पुढच्या गुरुवारी शब्द होता 'हेतू'. सर म्हणाले, "मी नवीन नोकरीला लागलो तेव्हा रत्नम्मा म्हणून एक घरमालकीण होती..." भालेरावांचा हात बाक बडवायला वर गेला. मी बघत होते. त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. कारण सर चेष्टा करत नव्हते. गोष्ट त्यांना त्याच क्षणी पहिल्यांदा सुचली होती. तेच शब्द, तोच वाडगा, त्याच जागी नाक ओढणं. "आणि कारलं कुणी खाल्लं?" विचारलं तेव्हा ईशा हसली. मग भालेराव हसले. मग सगळे. मीही हसले. ते मला अजून टोचतं.

तिसऱ्या गुरुवारीही तेच. आता तर आमचं हसणं बसून गेलं होतं, कुठे हसायचं ते ठरल्यासारखं. ईशा जरा आधीच हसली. जिन्यात भालेराव माझी नजर चुकवत म्हणाले, "जाने दो, बाई. बुढ्ढा खूश है ना?" त्यांचे डोळे भरले होते. भालेराव गहिवरले की असे हिंदीत जातात.

मी घरी आले आणि उजवी बाही डावीकडे जोडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी सरोजवहिनींकडे गेले. सर आत पेपर वाचत होते. वहिनी अंबाडी निवडत बसल्या होत्या. मी हळू आवाजात सगळं सांगितलं, जिन्यातलं वचनसुद्धा. त्यांनी हात थांबवला नाही.

"मला दिवाळीपासून ठाऊक आहे. चहात दोनदा पावडर पडते. मुलाला फोन लावतात आणि ठेवल्याबरोबर परत लावतात. डॉक्टरकडे नेऊन आणलंय. ह्यांना सांगितलंय, वयाचं आहे, बी-ट्वेल्व्ह कमी आहे."

"पण वहिनी, त्यांनी मला शब्द द्यायला लावलाय."

"द्यायला लावला तेव्हा ते वेगळे होते, कमलताई. आजच्या माणसाचं बघा. तुमच्या वर्गातलं ते हेतू आणि परिणाम मला काही समजत नाही. मला एवढं समजतं, बुधवारी सकाळपासून शर्टाला इस्त्री करायला मागे लागतात. बाकीचे सहा दिवस या खुर्चीतून त्या खुर्चीत. तुम्ही सांगाल, ते वर्ग बंद करतील. मग मी कोणत्या वाराची इस्त्री करू?"

आतून सरांनी हाक मारली, "कोण आलंय गं?" वहिनी म्हणाल्या, "कमलताई. ब्लाउजचं माप घ्यायला." आणि माझ्याकडे बघून हसल्या. म्हणजे बघा, एक खोटं आमच्यात तिथल्या तिथे झालंसुद्धा.

तीन दिवस मी मशीनवर बसून स्वतःशी वर्ग भरवला. सांगितलं तर सरांचा गुरुवार जातो. नाही सांगितलं तर सरांचे भाऊ होतात, आणि टाळ्या वाजवणारे आम्ही. वचन मोडलं तर त्यांना कळणारही नाही. आणि हेच मला सगळ्यात वाईट वाटत होतं, की कळणार नाही. ज्याला कळणार नाही त्याला दिलेलं वचन कसं मोडायचं? पर्समधून टेप काढायला जावं तर ते कार्ड हाताला लागायचं.

गुरुवार आला. इस्त्रीचा शर्ट, पांढरा खिसा. शब्द लिहिला 'सद्गुण'. खडू खिशात टाकला. आमच्याकडे वळले, चेहरा उजळला. "मी नवीन नोकरीला लागलो तेव्हा रत्नम्मा म्हणून..."

"शिळं, सर."

माझा आवाज ओरडल्यासारखा आलाच नाही. कापडाला कात्री लागते तेवढाच आला. भालेरावांनी डोळे मिटून घेतले.

सर हसत माझ्याकडे वळले, नेहमीसारखे, सापडल्यावर हसायचे तसे. "असं? कधी सांगितली होती?"

"गेल्या गुरुवारी. त्याच्या आधी. आणि त्याच्याही आधी."

हसू चेहऱ्यावर राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस आत गेला. त्यांनी एकेकाकडे बघितलं. भालेरावांकडे, ईशाकडे. ईशा हमसून रडायला लागली.

"तिन्ही वेळा हसलात?"

मी म्हटलं, "हसलो, सर."

खाली रस्त्यावर एका रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, वाजवतच राहिला. मग सर म्हणाले, "म्हणजे यंदा कारलं तुम्ही सगळ्यांनी खाल्लंत."

आणि भालेराव, रेल्वेचे भालेराव, तोंडावर रुमाल धरून हुंदके द्यायला लागले.

सरांनी छत्री उचलली. ती ते काठीसारखी वापरायचे. "मी म्हटलं होतं, वर्ग बंद करीन."

आता मी जे बोलले ते मी ठरवून आले नव्हते. देवाशपथ. तोंडाला आलं तसं बोलले. "सर, ते तुम्ही म्हणाला होतात. मी सांगायचं वचन दिलं होतं, बंद करायचं नव्हतं दिलं. आणि नियम त्याच्या आधीचा आहे. शिळं बोललेल्यानं बाकावर बसायचं. घरी जायचं असं नियमात कुठे आहे?"

सर माझ्याकडे बघत राहिले. वर्गात नवीन कुणी आलं की बघायचे तसे.

"हा युक्तिवाद तुम्हाला कुणी शिकवला?"

"तुम्हीच."

"बरा शिकवला म्हणायचा." छत्री टेकत ते बाकाकडे आले. ईशा सरकली, भालेराव दुसरीकडे सरकले, आणि सर दोघांच्या मध्ये बाकावर बसले. मग रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "उठा. पकडणाऱ्यानं खुर्चीवर बसायचं."

मी गेले. बसले तर खुर्ची डुगडुगली, पुठ्ठा सरकला होता.

"सर, आज शब्द..."

"थांबा." सरांनी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा. "बाकावरच्याला शिळं चालतं ना?"

"चालतं."

"मग मी एक गोष्ट सांगतो. मी नवीन नोकरीला लागलो तेव्हा रत्नम्मा म्हणून एक घरमालकीण होती..."

सगळी सांगितली. वाटी, वाडगा, "चाला बागुंदम्मा". आणि आम्ही हसलो, नाक गळत असताना हसलो. ते हसणं खोटं नव्हतं, एवढं मला माहीत आहे. वाटत नाही, माहीत आहे.

वर्ग सुटल्यावर त्यांनी माझ्याकडे 'वचन'चं कार्ड मागितलं. "नंतर" हा शब्द खोडला आणि लिहिलं, "आज".

त्यानंतर खुर्ची माझ्याकडेच राहिली, आणि जवळजवळ वर्षभर सर बाकावर आले. वहिनी बरोबर यायच्या, बुधवारची इस्त्री चालूच होती. दर गुरुवारी हात वर करून रत्नम्माची गोष्ट सांगायचे, शब्द कोणताही असो. गंमत अशी, की प्रत्येक शब्दाला ती लागू पडायची. पुढे पुढे गोष्टीतून दोन वर्षांचे दोन दिवस झाले, कारल्याचं वांगं झालं. आम्ही काही दुरुस्त केलं नाही. शेवटी शेवटी रत्नम्माचं नावही गेलं, नुसती "एक बाई होती" राहिली. पण "आता सांगा" म्हणताना नाक ओढणं राहिलं, अगदी शेवटपर्यंत.

शेवटच्या गुरुवारी, म्हणजे तो शेवटचा आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक, वर्ग सुटला आणि भालेराव त्यांना हाताला धरून जिना उतरवत होते. वहिनी पुढे. मी कुलूप लावून मागून येत होते. मधल्या पायरीवर, त्याच पायरीवर, सर थांबले. मी मागे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"छान शिकवतात हो त्या बाई," भालेरावांना म्हणाले. "कोणत्या कॉलेजातल्या?"

भालेरावांनी घसा खाकरला. "कॉलेजातल्या नाहीत, सर. ब्लाउज शिवतात."

सरांनी मान डोलावली, समाधानानं, जसं एखाद्या अवघड शब्दाचं उदाहरण मिळावं.

"तरीच," ते म्हणाले, आणि छत्री टेकत पुढची पायरी उतरले.